बटणाची दोरी

निघोजे गावातल्या कारखान्याच्या शेडमध्ये माझ्या शेजारच्या, पत्रा दाबायच्या प्रेसवर एक मावशी असायच्या. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. पण काम उरकावं म्हणून आम्ही सगळेच एक बटण दोरीनं आवळून ठेवायचो. त्यातच मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बऱ्या होऊन त्या त्याच प्रेसवर परतल्या. बटणाला पुन्हा दोरी होतीच. उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी कपाळ, छाती, खांदे अशी क्रूसाची खूण केली आणि दोरी सोडली.

सुपरवायझर धावत आला. "मावशी, टारगेट काय तुमचा देव पुरं करणार?"

"मशीनचं भ्या वाटतं, साहेब. तुमचं बी वाटतं. पण प्रभू संगं हाय, आता एकटीनं भ्यायचं न्हाई."

इतक्या कापऱ्या आवाजात इतकं ठाम बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही. मावशींनी दोन्ही तळहात बटणांवर ठेवले.

मी माझ्या बटणाकडे वळलो. माझी दहाही बोटं शाबूत होती, आणि त्यांनी मीही दोरी सोडली.