सोळाव्या मजल्यावरची चाळ

सोसायटीच्या सेक्रेटरीला पगार नसतो, पण किस्से मात्र पोत्याने मिळतात! आमची जोगेश्वरीची चाळ पाडून टॉवर झाला. आम्ही जुनी मालवणी बिऱ्हाडं आहोतच, आणि वरून सगळा देश राहायला आलाय. जिथे आमचा नळ होता, तिथे आता लांबलचक गाड्या उभ्या असतात.

यातले निम्मे किस्से आमच्या तात्यांचे. गिरणीतून रिटायर झालेले, सोळाव्या मजल्यावर एकटे राहतात. त्यांचा मुलगा प्रकाश म्हणतो, "हा फ्लॅट विकू, विरारला दोन येतील." तात्या म्हणतात, "माका खंय जावचा नाय!" वर्षभर हेच चाललंय, आणि खरं सांगते, मला त्याची धास्ती वाटते.

* * *

तात्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जिग्नाबेन राहायला आल्या, त्या पहिल्याच दिवशी त्यांचा फोन. "सुमनताई, समोर चोरी झाली! दार सताड उघडं आहे!"

मी वॉचमनला घेऊन धावले. तात्या दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. चाळीत दार फक्त झोपताना लावायचं, ती सवय जाते थोडीच! मी धापा टाकत चोराचं सांगितलं.

"चोर इलो तर त्येकाव च्या देवया. तू आदी बस गो!"

* * *

अकराव्या मजल्यावर एक आयटीवाला भाड्याने राहतो. लिफ्टमध्ये कानात इयरफोन. तात्यांनी त्याच्या खांद्यावर टकटक केली.

"खंयचो रे तू? पगार किती? लगीन झाला काय?"

तो बिचारा इंदूरचा. एवढं मराठी त्याला बरोब्बर समजलं. म्हणाला, "अंकल, इतने सवाल तो इंटरव्ह्यू में भी नहीं पूछे थे!"

तात्या म्हणाले, "म्हणान तुमच्या कंपनीतली माणसां सा म्हयन्यांत पळतत!"

* * *

तात्यांच्या तळलेल्या बांगड्यांच्या वासावरून व्हायचं ते झालंच. जिग्नाबेन जैन. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "कृपया दरवाजा बंद ठेवावा." तात्या रुसले आणि दार लावून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिग्नाबेन माझ्या दारात. चेहरा उतरलेला. "दोन दिवस दार बंद आहे हो! तात्या बरे आहेत ना?"

आम्ही जाऊन बेल दाबली. तात्या कपाळाला आठ्या घालून बाहेर आले. "तूच सांगलंस ना, दार बंद ठेव म्हणान?"

"फक्त बांगड्यांपुरतं हो!" असं म्हणून बाई चक्क रडल्या.

* * *

मग एकदा प्रकाश गिऱ्हाईक घेऊन आला. नवरा-बायको, कट्टर शाकाहारी. घर पसंत पडलं. बाईंनी सहज समोर विचारलं, "शेजार कसा आहे?"

जिग्नाबेन शांतपणे म्हणाल्या, "छान! फक्त आमच्याकडे रोज मच्छी असते."

गिऱ्हाईक गेलं ते गेलंच! मी म्हटलं, "बेन, तुम्ही? आणि मच्छी?"

"गप्प बसा, सुमनताई. उद्या उपवास करते."

* * *

परवा सोसायटीचा सत्यनारायण झाला. आमच्याकडे पूजेनंतर गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस हात जोडून सगळ्यांसाठी देवाकडे मागतो, आणि दर मागण्याला बाकीच्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" नव्या लोकांना हे भलतंच आवडलं.

तात्या मजल्यामजल्याने मागत होते. "बा देवा म्हाराजा, अकराव्या मजल्यावरच्या झिलाक प्रमोशन मिळांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"जिग्नाबेनचे गुडघे बरे होवंदेत!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचं मागून झालं. स्वतःसाठी काहीच न मागता तात्या खाली बसायला लागले. तेवढ्यात जिग्नाबेन डोक्यावर पदर घेऊन पुढे आल्या.

"देवा महाराजा, आमच्या तात्यांना इथून कुणी नेऊ नये, त्यांचं घर कुणी विकू नये!"

पहिल्या रांगेत प्रकाश उभा होता, हात जोडून, डोळे मिटून, लहानपणापासून उभा राहतो तसा. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने तोच ओरडला,

"व्हय म्हाराजा!"