प्रमोदच्या बुटाचा खटका

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारीतला एक रविवार. रक्कम एक लाख अडुसष्ट हजार, चौघांची मिळून. जागा अमरावती, माझ्या घरची बैठक. हजर — मी, माझे मित्र सुधाकर आणि राऊत, आणि फोनच्या पडद्यावर हिमाचलातला वाटाड्या दोरजे. चौथा, प्रमोद, हजर नव्हता. अकोल्याहून येणारी त्याची एसटी मूर्तिजापूरला बंद पडली होती. तो वेळेवर आला असता तर — पण नाही. एसटीवर ढकलायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुनंदालाही नाही. प्रमोद तिचा धाकटा भाऊ.

बेत स्कीचा होता. तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि सारख्या केलेल्या उतारावरून खाली यायचं, तसला नव्हे. स्कीला खालून बर्फावर पकड घेणारे पट्टे लावून डोंगर आपणच चढायचा आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून उतरायचं. वऱ्हाडातल्या माणसाला हे खूळ कुठून लागलं? आम्हा तिघांना मेळघाटात भटकायचा जुना नाद. त्यातून पन्नाशीला टेकता टेकता बर्फावरचे दोन कोर्स केले — आधी साधा, मग वरचा. राऊतची बायको म्हणायची, "बरफच पाह्याचा तं रसवंतीवर जा ना, इतक्या दूर कायले जाता?" आम्ही हसायचो. पण मला ते डोंगर झोपेत दिसायचे. इतकं दुसरं काही मी आयुष्यात मागितलं नव्हतं.

दोरजेच्या अटी दोनच. माणसं किमान चार. आणि प्रत्येकाला मोकळ्या, न तुडवलेल्या बर्फाचा सराव हवा. आमचा चौथा गडी ऐन वेळी गळाला, मुलीचं लग्न ठरलं म्हणून. मग मी प्रमोदला विचारलं. तो अकोल्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक. मांड्या अशा की कबड्डीत तीन पोरं लोंबकळली तरी रेषेला हात लावून यायचा. पण बर्फावर तो एकदाच गेला होता, साध्या कोर्सला. मोकळा बर्फ त्याने फक्त लांबून पाहिला होता.

तो फोनवर म्हणाला, "भाऊजी, तुमी घेऊन जाऊन राह्यले तं मी काहून नाही म्हनू? जय भीम, ठेवतो." इतका साधा विश्वास.

त्या रविवारी दोरजेने एकेकाला विचारलं. शेवटी म्हणाला, "और चौथे सर?" सुधाकरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वो तो मुझसे भी अच्छा है." ताकदीचं म्हणालो होतो — असं नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं! दोरजेने ताकद विचारली होती का?

प्रमोद आल्यावर त्याला एवढंच म्हटलं, "तिकडे विचारलं तर जास्त बोलू नकोस. मी सांगितलंय सगळं." तो पाय धूत होता. "बरं," म्हणाला.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. बेत जमवताना अशी थापेबाजी कोण करत नाही? खरी गोष्ट पुढची आहे. तिच्याकडे यायला मला तीन वर्षं लागली, आणि आताही — येतो.

फेब्रुवारीत आम्ही पोचलो. आदल्या संध्याकाळी दोरजे लाकडी बाकावर सगळ्यांच्या स्की ठेवून बूट बसवत होता. बूट स्कीला धरून ठेवणारा एक खटका असतो. पडताना पाय पिळला गेला की तो सुटतो, स्की निघून जाते आणि पाय वाचतो. किती जोराने सुटावा, ते पेचकसाने ठरवतात — वजन, वय, बुटाची लांबी आणि सराव पाहून. नवख्याचा ढिला ठेवतात, कारण नवखा सावकाश पडतो. सरावाच्या माणसाचा घट्ट, कारण तो वेगात असतो आणि खटका भलत्या वेळी सुटून चालत नाही. प्रमोदला हे कळत नव्हतं. साध्या कोर्सात सांगितलं असेलही, तो विसरला होता. मला वरच्या कोर्सात नीट शिकवलं होतं, आणि आकड्यांच्या गोष्टी मी विसरत नाही.

दोरजेने पेचकस हातात धरून विचारलं, "इनका? बिगिनर नहीं, बीच वाला?"

प्रमोद माझ्याकडे बघत होता. मी "हां" म्हणालो.

मला माहीत होतं. हेच ते. पेच फिरताना मी पाहत होतो, तो कशासाठी फिरतोय ते मला माहीत होतं, आणि नवखा म्हटलं तर उद्याचा डोंगर रद्द होईल हेही माहीत होतं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. प्रस्तावात खोटं लिहिलं म्हणून लोकांचे दावे मी नामंजूर केलेत, आणि वर त्यांना समजावलंही आहे.

सकाळी सोप्या उतारावर दोरजेने सगळ्यांची परीक्षा घेतली. प्रमोद निव्वळ जोरावर तरला. दोरजे मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताकत बहुत है. लंबा गैप हो गया क्या?" मी म्हणालो, "गैप ही है." त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणून पुढे गेलो.

दुपारी ऊन चढून बर्फ जड झाला होता. प्रमोद जोरात पडला नाही. अगदी सावकाश — बाजेवर बसावं तसा बाजूला कलला. उजवी स्की बर्फात रुतली, तो वळला, ती वळली नाही. खटका सुटायला हवा होता. मी दहा पावलांवर होतो. आवाज आला. ओली फांदी मोडावी तसा.

तो ओरडलासुद्धा नाही. "भाऊजी, पाय काढा जरा," म्हणाला.

दोरजेने हाताने खटका उघडला, पाय बांधला. मग स्कीची घसरगाडी केली. खाली गावापर्यंत त्याला ओढत नेताना अंधार पडला. वाटेत एकदा थांबून दोरजेने प्रमोदच्या स्कीवरचा आकडा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "मुझसे टाइट रह गया. मेरी गलती है, सर."

मी पाणी प्यायलो.

अकोल्याच्या दवाखान्याच्या जिन्यात सुनंदाने विचारलं, "असं कसं झालं हो? कोनाची चूक?" मी म्हणालो, "दोरजे स्वतःच म्हणाला, त्याच्याकडून घट्ट राहिला." हे वाक्य खरं होतं. म्हणून तर इतकं सहज आलं. पुढे ते नातलगांत फिरलं, आमच्या भटक्यांच्या ग्रुपवरही फिरलं, आणि आमच्या भागातून दोरजेकडे जायचं ठरवलेल्या दोन तुकड्यांनी बेत मोडला. ग्रुपवरची ती चर्चा मी वाचली. वर अंगठाही दिला.

दोरजेने न मागता प्रमोदचे बेचाळीस हजार परत पाठवले. माझ्याच खात्यात, कारण चौघांचे मिळून भरले मी होते. मी ते त्याच दिवशी प्रमोदला दिले.

दोन ऑपरेशनं झाली. गुडघा पूर्ण दुमडत नाही. शाळेने त्याच्याकडे परीक्षा विभाग दिला. कबड्डीची पोरं आता दुसरे सर घेतात. मैदानाकडची खिडकी तो बंद ठेवतो, असं त्याच्या हेडमास्तरांनी सुनंदाला सांगितलं, आणि तिने मला सांगितलं. मी तेव्हा पोळी खात होतो. खात राहिलो.

गेल्या महिन्यात मी दोरजेला बेचाळीस हजार पाठवले. सोबत एक ओळसुद्धा लिहिली नाही. काय लिहिणार होतो? लिहायला हवं होतं तेच लिहिलं नाही.

त्याचं उत्तर रविवारी आलं. प्रमोद आमच्याकडे जेवायला आला होता, पाय समोरच्या स्टुलावर लांब करून बसला होता. दोरजेने लिहिलं होतं : "एडवांस मिल गया सर. आपकी जगह पक्की. साले साहब का घुटना कैसा है?"

"कोनाचा मेसेज हाय, भाऊजी?" प्रमोदने विचारलं.

"ऑफिसचा," मी म्हणालो.

शेवटी दिलेली रक्कम बेचाळीस हजार. दोरजेला, त्याचीच होती ती. प्रमोदला माझ्याकडचं असं मी काही दिलेलं नाही.