सभासद चौदा

ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर ते शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले असते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस तिशीच्या पोरांत बसला की त्याचा काका होतोच, त्याला कोणाचा इलाज नाही. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या टेबलावर काका पंधरा वर्षं बसत होते. एका कंपनीतल्या माणसांनी आपापसांत कामाचं बोलावं म्हणून बनवलेलं चॅट अ‍ॅप त्यांनी तिथे बसून वाढवलं होतं. माणूस अबोल. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेली वाक्यं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि अशा माणसाच्या हाती दुनियेच्या बोलण्याची व्यवस्था होती.

त्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक कामाची वेगळी खोली असते, तिला चॅनेल म्हणतात. कोण कुठल्या चॅनेलात आहे आणि कोणाला कुठले निरोप पोचवायचे, हे ठरवतो तो सबस्क्रिप्शनचा कोड. तो मुळात काकांनी लिहिला. मग येईल त्याने त्यात हात घातला. कोणी नावांच्या यादीसाठी आपली वेगळी सोय लावली, कोणी न वाचलेले निरोप मोजण्यासाठी, कोणी फोनवरच्या सूचनांसाठी. जो तो आपलं काम उरकून दुसऱ्या नोकरीवर गेला. शेवटी ‘हा माणूस ह्या चॅनेलात आहे का?’ ह्या साध्या प्रश्नाला सात ठिकाणी सात उत्तरं मिळू लागली. त्या गुंत्यातून वाट काढणारे एकटे काकाच उरले.

एका सोमवारी सकाळी गटप्रमुख त्यांच्या टेबलाशी आली. वयाने काकांच्या लेकीएवढी, कामाला वाघीण, पण काकांशी बोलताना आवाज खाली ठेवणारी.

“काका, त्या औषधं पुरवणाऱ्या कंपनीचा फोन होता. त्यांचा एक माणूस सात महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला. त्याला त्यांचे सगळे निरोप अजून फोनवर दिसतायत. त्याने त्यांचे भाव नव्या मालकाला सांगितले. ते जाम भडकलेत.”

“लॉगिन बंद होतं,” काका म्हणाले. “सबस्क्रिप्शन तसंच राहतं. फोनवर निरोप जात राहतात.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बघतो.”

“नुसतं बघू नका. हे सातही तुकडे एका जागी आणा. सोडून गेलेला माणूस सगळीकडून गेला पाहिजे. दोन आठवडे देते.”

ती गेली आणि काकांनी पडद्यावर टेस्टिंगचं चॅनेल उघडलं. वर लिहिलं होतं, सभासद चौदा; काका स्वतः त्यांत नव्हते, नुसते बघू शकत. त्यातले तेरा समोरच्या दोन रांगांत बसून कीबोर्ड बडवत होते. चौदावं नाव सर्वांत खाली होतं, त्यापुढे गैरहजेरीचा करडा ठिपका. ते नाव काकांच्या बायकोचं.

ती टेस्टर होती. पस्तीस वर्षांपूर्वी, दोघांच्या पहिल्या नोकरीत, तिने काकांच्या पहिल्याच कामात त्रेचाळीस चुका काढल्या. काका चिडले, मग लाजले, मग त्यांनी तिला मागणी घातली. “त्रेचाळीस काढल्यात, आता आयुष्यभर काढा,” एवढं लांब वाक्य ते त्या दिवशी बोलले असं ती सगळ्यांना हसून सांगायची. पुढे दोघं ह्या कंपनीतही बरोबरच आले. सहा वर्षांपूर्वी, पाच आठवड्यांच्या आजारात, ती गेली.

घरात काकांनी काहीच ठेवलं नाही. मेहुणी येऊन कपडे घेऊन गेली, पुस्तकं लेकीने नेली, पलंगसुद्धा कोणाला तरी देऊन टाकला. “भावजी खंबीर आहेत हो,” मेहुणी नातेवाइकांत सांगत सुटली. कसले खंबीर! त्यांचं सगळं ह्या यादीत होतं. रोज सकाळी ऑफिसात आल्यावर ते आधी हे चॅनेल उघडत, खालपर्यंत जात, नाव आहे ना एवढं बघत आणि कामाला लागत. कोणाला ह्याचा पत्ता नव्हता.

काम सुरू झालं. काकांनी सातही ठिकाणांचा कोड छापून टेबलावर मांडला आणि त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. रोज एक तुकडा सोडवायचा, नव्या जागी बसवायचा, आधी जे चालत होतं ते तसंच चालतंय ना ते पडताळायचं. हात सरावाचे होते, काम भराभर पुढे सरकत होतं. सोडून गेलेल्यांना वगळणाऱ्या ओळी मात्र ते उद्यावर ढकलत राहिले. चार ओळींचं काम, त्याला नऊ दिवस झाले.

दहाव्या दिवशी गटप्रमुख खुर्ची ओढून शेजारी बसली.

“काका, जुन्या नोंदी चाळत होते. सहा वर्षांपूर्वी एका पोराने हीच दुरुस्ती करून पाठवली होती. तपासायला तुमच्याकडे आली आणि तुम्ही परत केलीत. ‘अ‍ॅप मंदावेल’ असं लिहिलंय. कशाने मंदावलं असतं?”

“कशानेच नाही.”

“मग?”

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तिला जाऊन दोन महिने झाले होते. ते स्वीकारलं असतं तर तिचं नाव यादीतून गेलं असतं. मी खोटं लिहिलं.”

आज त्या औषधवाल्यांचं जे नुकसान झालं ते आपल्यामुळे, हेही त्यांनी सांगितलं. त्यांना मनापासून शरम वाटत होती. पोरगी रागवायला आली होती, पण राग कुठल्या कुठे गेला.

“एका नावाला ह्या नियमातून सूट देता येईल, काका,” ती हळूच म्हणाली. “एका चॅनेलापुरती अट घालू. मी मंजूर करते. कोणाला कळणारही नाही.”

“तिला कळलं असतं,” काका म्हणाले. “पहिल्या दिवशी पकडलं असतं तिने. आपल्या माणसासाठी वेगळा नियम घातला म्हणून चारचौघांत माझी हजेरी घेतली असती.”

“मग उरलेलं दुसऱ्या कोणाला देऊ का? तुम्ही कशाला...”

“नको. माझ्या हातूनच होऊ दे.”

त्याच दुपारी त्यांनी त्या चार ओळी लिहिल्या. नव्या कोडात एक सूचनाही घातली. सोडून गेलेल्या कोणाला निरोप लिहिला तर तो गुपचूप गिळून न टाकता पाठवणाऱ्याला स्पष्ट सांगायचं. ते वाक्य त्यांनी चार वेळा बदललं. कोणाला टोचू नये आणि कोणाचा गैरसमजही होऊ नये, इतकं साधं त्यांना ते हवं होतं.

गुरुवारी सकाळी अकराला नवा कोड आधी आपल्याच ऑफिसात चालू झाला. काकांनी टेस्टिंगचं चॅनेल उघडलं. सभासद तेरा. समोरच्या दोन रांगांत कोणी मान वर केली नाही. काकांनी एकदा खालपर्यंत जाऊन पाहिलं, मग बंद केलं. त्यांना वाटलं होतं छातीत काही होईल. काही झालं नाही. जमलं की, असं ते मनाशी म्हणाले.

आता राहिलं होतं कागदोपत्री काम. दुरुस्ती झाली की ती मूळ बगच्या, म्हणजे सापडलेल्या चुकीच्या, नोंदीला जोडायची, असा शिरस्ता. काकांनी शोध घेतला तर सर्वांत जुनी नोंद आठ वर्षांपूर्वीची निघाली. नोंदवणारी तीच.

“सोडून गेलेल्या माणसाचं नाव यादीत तसंच राहतं,” तिने लिहिलं होतं. “लोक त्याला प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. हे बरं नव्हे. कृपया लवकर दुरुस्त करावं.”

त्याखाली काकांचं उत्तर होतं, “पुढच्या आठवड्यात बघतो.” आणि त्याखाली तिचं, “बरं. वाट बघते.”

काकांच्या ते ध्यानातच नव्हतं. नोंद बंद करायला गेले तर होईना. ज्याने बग नोंदवला त्यानेच तपासून तो बंद करायचा, असा ऑफिसचा नियम होता. दुरुस्त करणाऱ्याने फक्त नोंदीखाली कळवायचं; ते ह्याच अ‍ॅपमधून नोंदवणाऱ्याला पोचायचं. जवळजवळ तीस वर्षं काका तिला असंच कळवत आले होते, त्यामुळे बोटं आपोआप चालली. “झालं. तपासून बघ,” असं लिहून त्यांनी बटण दाबलं.

निरोप गेला नाही. त्याखाली त्यांचंच वाक्य उमटलं.

“ही व्यक्ती आता इथे नाही. तुमचा निरोप तिला पोचणार नाही.”

काकांनी ते एकदा वाचलं, परत वाचलं. दवाखान्यात न रडलेला, लेकीपुढे न रडलेला, मेहुणीने कपडे नेले तेव्हा स्वतः पिशव्या बांधून देणारा तो माणूस भर सकाळी, तेरा माणसांच्या देखत, टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला.