हेडफोन नवे, कान जुने

"ही मी नाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

कोलशेतला त्यांच्या बंगल्यासमोरच्या अंगणात आम्ही दहा-बारा जण उभे होतो. कपाटाएवढे दोन स्पीकर लावले होते. त्यातून चांगुणाबाईंचंच गाणं वाजत होतं. मीच रेकॉर्ड केलेलं, मीच मिक्स केलेलं.

मी हसून म्हटलं, "आजी, स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाच आपला वाटत नाही. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येत असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो फक्त बाहेरून येतो. म्हणून तसं वाटतं."

हे स्पष्टीकरण मी पंचवीस वर्षं लोकांना देते आहे. ते नेहमी चालतं.

"पण मॅडम, मला पण ती माझी आय नाय वाटत," त्यांचा मुलगा बाळारामशेठ म्हणाला. "माठात तोंड घालून बोलतेय असं वाटतंय."

मागे उभ्या असलेल्या दोन्ही सुनांनी माना हलवल्या. मी गाणं बंद केलं.

मी साउंड इंजिनीअर आहे. बरीच वर्षं मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत नोकरी केली. आता डोंबिवलीला दोन खोल्यांत माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. आमच्या भागात हळदीची गाणी, लग्नाची गाणी, देवीची गाणी रेकॉर्ड करणारे भरपूर. त्यामुळे काम असतं. रेकॉर्डिंगनंतरच्या कामाला मिक्सिंग म्हणतात. गायिकेचा आवाज, ढोलकी, मागचा कोरस हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड झालेलं असतं. कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे ठेवायचं, कुठला आवाज फार जाड लागतोय, कुठला फार टोचतोय, हे बघून एकत्र बसवायचं. स्वयंपाकात मीठ-तिखट बघतात तसं. फरक इतकाच की इथे जीभ नाही, कान.

चांगुणाबाईंचं काम मात्र नेहमीचं नव्हतं. त्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून शेवटपर्यंतचे विधी ज्या बाईच्या गाण्यावर होतात ती धवलारीण. त्या गाण्यांत देवांना बोलावतात, घरातल्या गेलेल्या माणसांनाही नावं घेऊन बोलावतात. चांगुणाबाईंनी पन्नासएक वर्षं ते केलं. आता वय ऐंशीच्या घरात. दम पुरत नाही. आणि लग्न घरचंच, नातीचं. "माझ्या नातीला दुसऱ्या बाईनं हळद लावायची तर मी जित्ती कशाला?" असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणून बाळारामशेठने ठरवलं की गाणी आधी रेकॉर्ड करून ठेवायची आणि हळदीला स्पीकरवर लावायची.

तीन दिवस सकाळी त्या माझ्या स्टुडिओत आल्या. एक गाणं झालं की चहा, मग दुसरं. आवाज खरखरीत, वरच्या पट्टीत जरा चिरलेला, पण असा सरळ यायचा की माइकपासून चार हात लांब बसवलं तरी चाललं असतं. तिसऱ्या दिवशी संपता संपता घसा बसला. आता पुन्हा रेकॉर्डिंग शक्य नव्हतं.

त्याच दिवशी माझ्या हेडफोनचा डावा कान गेला. तेरा वर्षं वापरलेले हेडफोन. मी नौपाड्यात हेमंतच्या दुकानात गेले. हेमंत माझ्याच वयाचा, ऑडिओचं सामान विकण्यात आयुष्य गेलेलं. त्याने चांगल्या कंपनीचे नवे हेडफोन दिले. घरी येऊन कानाला लावले आणि तोंड कडू झालं. सगळं कर्कश. चांगुणाबाईंचा "स" कानात सुईसारखा. ढोलकीला पोटच नाही, नुसती टिमकी. पण हळदीची तारीख जवळ आलेली. मी बसले कामाला. जे टोचत होतं ते कापलं. जाडपणा कमी वाटत होता तो वाढवला. दोन दिवसांत दहाही गाणी तयार. माझ्या कानाला एकदम गोड लागली. आणि तीच पेन ड्राइव्हमधून मी कोलशेतला घेऊन आले होते.

कुणी विचारेल, स्टुडिओत स्पीकर नव्हते? होते. पण माझी खोली दहा बाय अकराची. एवढ्या खोलीत स्पीकरवर जाड आवाजाचा अंदाज चुकतो. शेवटचा निर्णय मी हेडफोनवरच करते.

"हळदीला अकरा दिवस राहिलेत मॅडम," बाळारामशेठ म्हणाला. तो चिडला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "कल्याणला एक पोरगा आहे, दोन दिवसांत करून देतो म्हणतो. ओरिजिनल फाइल देऊन टाका त्याला."

"मला आठ दिवस द्या," मी म्हटलं.

"आठ दिवस? दोन दिवसांत केलं तेच..."

"म्हणूनच असं झालं."

चांगुणाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दे र तिला आठ दिस. तिनं मना तीन दिस चहा पाजलाय."

निकाल लागला.

दोष हेडफोनचा, याबद्दल मला शंका नव्हती. तशीच नौपाड्याला गेले. हेमंतला म्हटलं, "हे परत घे. टोचतात."

"मॅडम, बर्न-इन केलंत का?"

बर्न-इन म्हणजे नवे हेडफोन बरेच तास सतत वाजवत ठेवायचे. त्याने आतला पडदा सैल होतो आणि आवाज मऊ होतो, अशी आमच्या लाइनमधली एक समजूत. नव्या चपला पायात सैल होतात तसं. मी हेडफोन घरी आणले, कॉम्प्युटरला जोडले, सगळ्या पट्ट्यांचा मिळून होतो तो नुसता 'श्श्श' आवाज लावला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिले. दोन दिवस ड्रॉवर श्वास घेत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कानाला लावले. सुई होती तिथेच.

पुन्हा नौपाडा. या वेळी हेमंतही इरेला पेटला. त्याने त्याच मॉडेलचा एक कोरा डबा उघडला. "डोळे मिटा. मी एकदा तुमचे लावतो, एकदा नवीन. कुठले कुठले ओळखा."

दुकानात गिऱ्हाईकं उभी आणि मी स्टुलावर डोळे मिटून. दहा वेळा बदलले. पाच वेळा बरोबर ओळखले, पाच वेळा चूक. म्हणजे मला काहीच ओळखता येत नव्हतं. पंचवीस वर्षं हेच काम केलेली इंजिनीअर आणि छापा-काटा यांत फरक नाही.

"म्हणजे हेडफोन बदललेच नाहीत," मी म्हटलं.

"हेडफोन ठीकच आहेत मॅडम. आता कान बदला," हेमंत म्हणाला. एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. मीही हसले. पण घरी येताना शीळफाट्याला रिक्षा अडकली आणि तासभर तेच वाक्य डोक्यात बसलं.

कान बदलायचे म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. शिकाऊ मुलांना मीच सांगत आले होते. तेरा वर्षं एकच चष्मा लावला की त्या काचेचा रंग दिसेनासा होतो. त्या रंगालाच आपण पांढरं समजतो. माझ्या जुन्या हेडफोनचा आवाज जाड आणि मऊ होता. मेंदूने तोच सरळ मानला होता. आता सरळ आवाज आला तर तो वाकडा वाटत होता. उपाय एकच. ऐकत राहायचं आणि हात लावायचा नाही.

हात न लावणं फार अवघड असतं. चौथ्या दिवसापासून सकाळी आंघोळ झाली की मी हेडफोन लावायचे. जे आवाज मला पाठ आहेत ते ऐकायचे. बातम्या, जुनी कामं, शिकाऊ मुलांसाठी रेकॉर्ड केलेली माझी स्वतःचीच लेक्चरं. पण चांगुणाबाईंचा खरा आवाज मला पाठ कुठे होता? तीन सकाळी काचेपलीकडून ऐकलेला, तोही जुन्या हेडफोनमधून.

पाचव्या दिवशी मी माणकोलीच्या पुलावरून कोलशेत गाठलं. बाळारामशेठ घरी नव्हता. चांगुणाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. घसा बराच सुटला होता.

"झाला माझा आवाज?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी. तो ऐकायलाच आलेय. माझ्याजवळ बसून थोडं गुणगुणा."

"शेंगा सोल मंग."

मी शेंगा सोलायला बसले. त्या हलकेच गायला लागल्या. मी एक हात अंतरावर. एक ओळ कानांनी ऐकायची, मग लॅपटॉपवरची तीच ओळ, काहीही न केलेली, हेडफोनमधून ऐकायची. पुन्हा कानांनी. पुन्हा हेडफोन. दहा-पंधरा मिनिटांत त्यांची उत्सुकता अनावर झाली.

"मना लाव गो ते."

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवले. पदर आत अडकला, तो काढला. गाणं सुरू केलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं बाय! एवरी म्हातारी जालंय मी?" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की आतून सून धावत आली. हेडफोन लावलेलं माणूस ओरडतं, कारण स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही. सुनेला वाटलं काही झालंच.

त्यांनी ते गाणं चार वेळा लावायला लावलं. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा डोळे मिटले. तिसऱ्यांदा बोटांनी ताल धरला. चौथ्यांदा म्हणाल्या, "आता जरा वलक पटली. बाई बरी गाते."

त्या तीनदा ऐकून सरावल्या आणि मी पाच दिवस कुरकुरत होते. वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन मी घरी आले.

सातव्या दिवशी सकाळी काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण ते झाल्याचं कळलंच नाही. मी हेडफोन लावून चहा करत होते. मूळ रेकॉर्डिंग चालू होतं. दूध उतू जायला आलं, मी गॅस बंद केला, आणि लक्षात आलं की गेला अर्धा तास मी आवाज तपासत नव्हते. मी गाणं ऐकत होते. कुठे सुई नाही, काही नाही. कोलशेतच्या ओट्यावर शेंगा सोलणाऱ्या चांगुणाबाई होत्या, बस्स.

कप तसाच ठेवून मी स्टुडिओत गेले आणि आठवड्यापूर्वीचं माझं गोड मिक्स लावलं. अक्षरशः हेडफोन काढून बघितले की त्यावर काही पडलंय का. माठच होता. बाळारामशेठ अगदी नेमकं बोलला होता. मग जुने हेडफोन काढले. त्यांचा उजवा कान अजून चालत होता. त्यातून मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. गोधडीखालून कुणीतरी गातंय. तेरा वर्षं मी या गोधडीला सरळ आवाज समजत होते. चांगली कामं झाली, कारण गोधडी किती जाड आहे ते मला अंदाजाने माहीत होतं. नव्या हेडफोनबरोबर तो अंदाज मी लावत बसले आणि सगळं बिघडलं.

मी एकटीच मोठ्याने हसले. मग जुनं मिक्स पुसून टाकलं आणि पहिल्यापासून बसले. या वेळी जवळजवळ काही केलंच नाही. ढोलकी थोडी मागे घेतली, कोरस आणखी मागे. आवाजाला हात लावला नाही. संध्याकाळच्या आत दहाही गाणी झाली.

आठव्या दिवशी पुन्हा तेच अंगण, तेच स्पीकर. बाळारामशेठ हाताची घडी घालून उभा. मी प्ले दाबलं आणि चपलेकडे बघत उभी राहिले.

चांगुणाबाई मान तिरकी करून ऐकत होत्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात त्यांनी एकदम हात वर केला. "बंद कर!"

मी झटकन गाणं थांबवलं.

"थोरल्या जाऊबायचं नाव रायलं," त्या म्हणाल्या. "सगल्यांना बोलावलं आन तिलाच नाय. मेल्यावर पन रुसंल ती. तिचं नाव घ्यायला ईसरले कशी मी?"

बाळारामशेठ माझ्याकडे बघून हसायला लागला. "मॅडम, पास झालात. आय स्वतःवर ओरडतेय."

पहिल्या मिक्समध्ये ती नावं ऐकूच येत नव्हती. त्यामुळे कुठलं राहिलं हेही कळलं नव्हतं. आता पाण्यासारखं स्वच्छ ऐकू आलं, तर चूक सापडली. गाडीत माझा छोटा रेकॉर्डर होता. तिथेच खुर्चीत बसून त्यांनी ती एक ओळ म्हटली, थोरल्या जाऊबाईंच्या नावासकट. मागे एक कोंबडा ओरडला. तो मी घरी काढून टाकला.

हळदीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. संध्याकाळी मंडप भरला. गाणं सुरू झालं तशा गल्लीतल्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं चांगुणाबाई उभ्या राहून गातायत. त्या तर नातीशेजारी खुर्चीत बसून पान खात होत्या. एक म्हातारी कधी त्यांच्या तोंडाकडे, कधी स्पीकरकडे बघत राहिली. थोरल्या जाऊबाईंचं नाव आलं तेव्हा त्या जाऊबाईंची लेक पटकन पदराने डोळे पुसून हसली. दोन गाणी अशी झाली. तिसरं सुरू होताच चांगुणाबाईंनी पान थुंकलं आणि हात केला. "पुरं आता तिचं. माईक दे मना."

उरलेली आठही गाणी त्या स्वतःच गायल्या. दम लागला की सगळा मंडप ओळ पुरी करायचा. माझ्या कामाची पेन ड्राइव्ह डीजेवाल्याच्या खिशात पडून राहिली. मी हळदीने पिवळी होऊन, पोट दुखेपर्यंत हसून, डोंबिवलीला परत आले. पुढच्या महिन्यात कोलशेतच्याच दोन घरांतून रेकॉर्डिंगसाठी फोन आले.

तेव्हापासून एक नियम केलाय. नवे हेडफोन आले की पहिले आठ दिवस नुसतं ऐकायचं, कामाला हात लावायचा नाही. क्लायंटने विचारलं तर मशीन सर्व्हिसिंगला गेलंय असं सांगते. कान सर्व्हिसिंगला गेलेत म्हटलं तर काम कोण देईल?