सहा कामांची बॅटरी

माझ्या घरात आज अकरा बॅटऱ्या आहेत. अकराही सारख्याच दिसतात, म्हणून बायको त्यांना बॅटऱ्या म्हणत नाही, माझा आजार म्हणते.

(बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्या मारेगावकडे टॉर्चला टॉर्च म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आत घालतात ते सेल.)

अकराही धातूच्या आहेत. हातात घेतल्या तर काहीतरी हातात घेतल्यासारखं वाटतं. बटण एकच. पुढे ढकललं की लागते, मागे ओढलं की विझते. परवा एका दुकानदाराने मला एक नवी दाखवली. म्हणाला, "सर, यात पाच मोड आहेत." मी म्हटलं, "मला दोन पुरतात. लागणे आणि विझणे." तो हसला. मी विनोद केलेला नव्हता! माणूस अंधारात उभा असतो, पायाशी काय वळवळतंय ते त्याला या क्षणी बघायचं असतं, आणि ही बया आधी तीनदा लुकलुकून दाखवणार! मला संताप येतो. खराखुरा येतो, कानशिलं तापतात. हा संताप माझ्यात कधी शिरला ते मला नेमकं ठाऊक आहे. त्या दिवशी मी कापसाच्या खोलीत गुडघ्यांवर रांगत माझ्या बापाचे दात शोधत होतो.

आमचे बाबा जिनिंगमध्ये चौकीदार होते. जिनिंग म्हणजे सरकी काढायचा कारखाना, चहूकडे कापसाचे ढीग. तिथे काडीपेटी घेऊन आत शिरणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जायची. त्यामुळे कंदील नाही, चिमणी नाही, उजेड म्हणजे फक्त बॅटरी. बाबांची होती तीन सेलची, पितळी, वरून निकेल चढवलेली. मागचं झाकण फिरवून काढलं की स्प्रिंगच्या आत कागदात गुंडाळलेला एक जादा बल्ब असायचा. काम झालं की बाबा सेल काढून ठेवत, मंद झाले की उन्हात वाळवत. एकदा ती विहिरीत पडली. गळ टाकून काढली, पुसली, सेल बदलले, लागली! एकदा तिने त्यांनी खुंटी ठोकली. तरी लागली. नोकरी संपली, बाबा घरी आले, चार एकरांत कापूस पेरू लागले, आणि बॅटरी उशाशी आली. तिच्यावर त्यांचा जो जीव होता त्याच्या निम्मा माझ्यावर असता तर मी कलेक्टर झालो असतो. झालो गणिताचा मास्तर.

आणि अशी ती बॅटरी मी, गणिताच्या मास्तराने, आठवडी बाजारात बदलून टाकली!

ते दिवस कापसाच्या वाईट भावाचे होते. भाव आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून सगळ्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आमची मधली खोली दिवाळीपासून छतापर्यंत गच्च. खिडकी कुठेतरी कापसामागे होती, असं जुने लोक सांगत. अंगाला खाज एवढी की मी फळ्यावर एका हाताने लिहायचो आणि दुसऱ्याने खाजवायचो. त्यात दिवसभर लाइट नाही. अशा वेळी बाजारात एक फिरता व्यापारी ओरडत होता, "जुनं पितळ द्या, सहा कामाची बॅटरी न्या!"

सहा कामं अशी : समोर बॅटरी, बाजूला ट्यूब, वर रेडिओ, मागे लाल लुकलुकणारा दिवा, भोंगा, आणि मुठीत होकायंत्र. (मारेगावात! जिथे वणी कुठे आणि पांढरकवडा कुठे हे बैलांनाही कळतं!) मी विचारलं, "सेल किती लागतात?" तो म्हणाला, "सेल कायले पाह्यजे, मास्तर? लाइटवर चार्ज होते!" मी खूश झालो. ज्या गावात लाइट नाही म्हणून बॅटरी लागते, तिथे मी लाइटवर चार्ज होणारी बॅटरी घेतली. आणि वर्गात पोरांना मी म्हणायचो, आधी उदाहरण नीट वाचा!

दुसऱ्या दिवशी दुपारी खरेदी केंद्रावर आमचा नंबर लागला होता. त्या दिवशी गेलो नाही तर पुन्हा कधी लागेल ते सांगता येत नव्हतं. केंद्रावरचा ग्रेडर कडक. पांढऱ्याशुभ्र कापसात त्याला पिवळं दिसायचं. त्याने हलकी प्रत लिहिली की वर्षाची मेहनत मातीत. पण आमच्याकडे बाबा होते! धागा चिमटीत धरून ग्रेडरशी भांडणारा पंचक्रोशीत तो एकच माणूस. गावातले लोक म्हणत, "मास्तर, तुमाले काय भेव हाय? तुमच्या बाबाचं तोंड हाय ना!"

त्या तोंडात नुकतीच कवळी बसवली होती. खालची घट्ट होती. वरची जरा सैल.

सकाळी बाबा कापसाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. भिंतीकडचा डागी कापूस वेगळा काढायचा होता, नाहीतर तो चांगल्यात मिसळला असता.

"अरुण, बॅटरी आन."

मी नवी आणली. दोन्ही हातांनी दिली.

"हे काय हाय?"

"बॅटरी हाय, बाबा. सहा कामाची."

"मले एकच काम हाय. उजीड."

त्यांनी बटण दाबलं. रेडिओ लागला. खरखर, आणि मागे कोणीतरी बाई गात होती. दुसऱ्यांदा दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. तिसऱ्यांदा दाबलं आणि भोंगा! घराच्या मागचं कुत्रं रडायला लागलं.

"बंद कर हे!" बाबा ओरडले.

"बाबा, अजून दोनदा दाबा, मंग उजीड येते."

आला. निळसर, आजारी उजेड. खोलीच्या मध्यापर्यंत जाऊन थकला आणि मंद होत गेला, कारण रात्री लाइट जेमतेम तासभर आली होती.

"माही बॅटरी कुठी हाय?"

मी होकायंत्राकडे बघायला लागलो.

"अरुण्या, माही बॅटरी कुठी हाय?"

"बदल्यात देल्ली."

"बदल्यात? कोनाले?"

"बाजारात... पितळ घेत व्हता तो."

बाबा लाल झाले. त्यांनी मोठा श्वास घेतला. एवढा मोठा श्वास घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अरे गाढवाच्या..." असं वाक्य सुरू झालं, आणि त्याच्याच जोरावर वरची अख्खी कवळी तोंडातून सुटली, हवेतून गेली आणि आवाज न करता कापसात शिरली.

कापसात पडलेल्या वस्तूचा आवाज होत नाही.

"फोध!" बाबा म्हणाले.

"काय, बाबा?"

"फोध! फोध, फांडाळा!"

मी शोधायला लागलो. गुडघ्यांवर रांगत, एका हातात सहा कामाची बॅटरी. तिला आता फक्त एकच काम जमत होतं, लाल लुकलुकणं. एकदा लाल कापूस दिसायचा, एकदा काहीच नाही. होकायंत्र मात्र उत्तम चालू होतं. दात उत्तरेला नाहीत, एवढं मी खात्रीने सांगू शकलो.

आवाज ऐकून माझी बायको कुंदा आली. "काय होऊन राह्यलं? एवढा अंधार हाय तं दिवा आनू का?"

"फिवा!" बाबांनी अशी काही झेप घेतली की कुंदा ओसरीवर जाऊन पडली. कापसाच्या खोलीत दिवा! दात गेले होते तरी जिनिंगमधला चौकीदार अजून चौकीदारच होता.

मग बाबा माझ्याकडे वळले आणि बोलत राहिले. एक शब्द कळत नव्हता, पण सगळं समजत होतं. मी त्या बॅटरीकडे बघितलं आणि पहिल्यांदा मला तो राग आला. ज्याने ही बनवली त्याने कधी अंधार पाहिला होता का? त्याला कोणी सांगितलं होतं की अंधारात माणसाला गाणं ऐकावंसं वाटतं? आणि बाबांची ती साधी, जड, डोकं नसलेली बॅटरी इथे असती तर एका झोतात दात दिसले असते! दिसले कशाला, दात तोंडातच असते!

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. ट्रॅक्टरवाला गजानन आत डोकावला. "मास्तर, चला लवकर. नंबर गेला तं मले नाव ठेवू नका."

कापूस भरायला घेतला. चादरीत बांधायचा, दारात उजेडात आणायचा, उपसून बघायचा, ट्रॉलीत टाकायचा. गजानन म्हणाला, "तुमी कापूस इकून राह्यले का निवडून राह्यले?" त्याला काय सांगणार? बाबांनी तोंडाला खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळला होता आणि फक्त डोळ्यांनी मला शिव्या देत होते. डागी कापूस जमेल तसा बाजूला काढला. शेवटी खोली रिकामी झाली. खिडकी सापडली. कुंदाची हरवलेली चप्पल सापडली. दात नाहीत.

म्हणजे दात ट्रॉलीत होते.

केंद्रावर ओळखीचे लोक भेटत होते. "रामराम जी! आज ग्रेडरची खैर नाई!" बाबा मान हलवत. दुपट्टा तोंडावरून हटत नव्हता. मी कोणाकडे बघत नव्हतो. वर्षभराचा कापूस ट्रॉलीत, तो वाचवणारं तोंड दुपट्ट्यात, आणि हे सगळं करणारा मी, पदवीधर!

ग्रेडर आला. त्याने वरचा कापूस बघितलाच नाही. वर सगळेच चांगला ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने बाही सरकवली आणि कोपरापर्यंत हात ट्रॉलीत खुपसला. चाचपला. थांबला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मग त्याने हात बाहेर काढला, आणि त्याच्या मुठीतून बाबा हसत होते.

त्याने किंचाळून ती कवळी कापसावर टाकली.

"हे काय हाय?" तो हात झटकत म्हणाला. "कापसात दात? कोनाचे हायेत हे? आख्खी ट्रॉली वापस करतो मी!"

रांगेतले सगळे जवळ आले. बाबा माझ्या मागे उभे होते. माझ्या पाठीत एक बोट रुतलं. वळून बघायची गरज नव्हती. जिथे सगळे रामराम घालतात तिथे बाबा ते दात स्वतःचे म्हणणार नव्हते, मेले असते तरी.

"माझे," मी म्हणालो.

"तुमचे? मास्तर, तुमचे?"

माझे सगळे दात जागच्या जागी आहेत, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मी ओठ आत ओढले आणि मान हलवली. मग ती कवळी उचलली, पुसायला म्हणून बाबांच्या दुपट्ट्यात दिली. बाबांनी पाठ फिरवली. पाण्याची बाटली उघडल्याचा आवाज आला. आणि ते वळले तेव्हा त्यांचं तोंड परत आलं होतं!

काय बोलले! सकाळपासून साठलेला सगळा राग माझ्यावरून उठून ग्रेडरवर गेला. "वापस कायले करता जी? दात काय कापसाले लागले? ते तं या पोराच्या डोक्यातल्या हुशारीवानी आपोआप गळले! कापूस पाहा!" त्यांनी चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, धागा ग्रेडरच्या नाकासमोर धरला. "हे पाहा! हा धागा पाहा! आनि मंग सांगा मले हलका म्हनून!"

ग्रेडरने धागा पाहिला. पुन्हा पाहिला. आतून काढलेला दुसरा नमुनाही पाहिला. बाबा थांबले नाहीत. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "खरं हाय, सायब." शेवटी ग्रेडरने चिठ्ठीवर वरची प्रत लिहिली.

मला ओरडावंसं वाटलं. पण ओठ आत होते.

चिठ्ठी देताना ग्रेडरने माझ्याकडे फार कणवेने बघितलं. "मास्तर, एवढ्या कमी वयात? कसं काय हो?"

मी बाबांकडे बघितलं. आता तरी मला सोडवतील असं वाटलं. बाबांनी लांब उसासा टाकला.

"तमाखू, सायब," ते म्हणाले. "सांगून सांगून थकलो मी. आयकतच नाई!"

मी आयुष्यात तंबाखूला बोट लावलेलं नाही. बाबांचे स्वतःचे सगळे दात तंबाखूने गेले! रांगेत माझ्या शाळेतल्या पोरांचे निदान सहा बाप उभे होते, आणि सगळे माना हलवत माझ्याकडे बघत होते. मला खूप काही सांगायचं होतं, पण तोंडात एकही दात नसलेला माणूस काय बोलणार?