आधी हार्टचं बोला

काउंटरवाल्या काकूंना कुणाच्या दुखऱ्या दाताची दया येत नसे. माणूस गाल धरून, डोळ्यांत पाणी आणून आत आला तरी त्या शांतपणे पेन उघडत आणि भरल्या वेटिंगमध्ये खणखणीत आवाजात म्हणत, “दाताचं नंतर. आधी हार्टचं बोला.” उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या छोट्या क्लिनिकमध्ये दात डॉक्टर बघत. पण खुर्चीपर्यंत कोण पोहोचेल ते काकू ठरवत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यापुढे कॅम्प दोनचे एक कापडवाले सेठ होते. दाढ काढायची म्हणून त्यांनी रक्त पातळ करायची गोळी चार दिवसांपासून स्वतःहूनच बंद केली होती, आणि शाबासकी मिळेल अशा थाटात ते हे सांगत होते.

“गोली चालू किसने की, सेठ?”

“बडे डॉक्टर ने.”

“तो बंद आपने कैसे की? दुकान का शटर है क्या?”

सगळे हसले, सेठही हसले. पण काकूंनी त्यांना तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. दाढ त्या दिवशी निघाली नाही.

मी हसले नाही. पुढचा नंबर माझा होता.

लहानपणी माझ्या हृदयाची एक झडप बदलली आहे. दातांचं काम करण्याआधी अँटिबायोटिक घ्यायचं, नाहीतर हिरड्यांतले जंतू रक्तातून जाऊन त्या झडपेवर बसू शकतात आणि ते जिवावर बेततं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. पण तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. “बदलापुरात नको, तिथे सगळे ओळखतात,” म्हणत आईने मला उल्हासनगरला पाठवलं. “आणि नुसतं क्लीनिंग तर आहे. कशाला सांगायचं?” मला न सांगण्याची सवयच होती. छातीवरचा ऑपरेशनचा व्रण दिसू नये म्हणून शाळा संपल्यापासून मी बंद गळ्याशिवाय काही घातलेलं नाही. फॉर्मवर हृदयविकारापुढे मी ‘नाही’वर खूण केली.

काकूंनी फॉर्म वाचलाच नाही. “हार्टचं?”

“नाही.”

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. तो कुर्त्याच्या वरच्या बटणावर गेला होता.

त्यांनी मला आत, अवजारं धुवायच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. “ऐक,” म्हणाल्या. बारीक टिकटिक येत होती. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, तिथे फक्त बांगड्या होत्या.

“घड्याळ आत आहे. धातूची झडप. तुझी वाजत नाही, म्हणजे टिश्यूची ना?”

घराबाहेरच्या कुणाला मी ते पहिल्यांदाच सांगितलं. तेही नुसती होकारार्थी मान डोलावून.

“कुठली गं तू?”

“बदलापूर.”

“मी चिखलोलीची, तुमच्या शेजारचीच.” माझा चेहरा पडलेला बघून त्या म्हणाल्या, “घाबरू नकोस. इथलं तिथे नेत नाही मी. पण त्या कागदावर खोटं चालणार नाही.” आणि पेन माझ्या हातात दिलं. “खूण तू केलीस, खोडायची पण तूच.”

क्लीनिंग आठवडाभर पुढे गेलं. क्लीनिंगच्या दिवशी अँटिबायोटिकची गोळी घेतल्यावर काकूंनी मला भिंतीवरच्या घड्याळाखाली पूर्ण तासभर बसवलं. एक पेशंट झाडूच्या काडीने दात कोरत होता, त्याच्या हातातून ती काडी त्यांनी काढून घेतली. हिरडीतून रक्त येतं म्हणून मी डावीकडे ब्रश लावणं सोडलं होतं. ते कळल्यावर त्यांनी विचारलं, “घरात कचरा दिसला की तू झाडू फेकून देतेस का?” मऊ ब्रश, रोज दोन वेळा, दर सहा महिन्यांनी तपासणी. त्यांनी माझ्याकडून ते धड्यासारखं म्हणवून घेतलं.

त्या वर्षी एका स्थळाला मी स्वतःच सगळं सांगितलं. ती माणसं परत आली नाहीत. काकूंना सांगितलं तर त्यांनी आधी माझ्या हिरड्या बघितल्या. “रक्त थांबलंय. छान. दुसरं स्थळ येईल, दुसरी झडप सोपी नसते.”

गेल्या खेपेला काउंटरवर नवी मुलगी होती. काकू वारल्या, ती म्हणाली. काकू असत्या तर ‘दातांमुळे नव्हे’ हे त्यांनी तिला आधी सांगायला लावलं असतं. तिने फॉर्म पुढे सरकवला आणि ती पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागली. तिने काहीच विचारलं नाही.

वेटिंग भरलेलं होतं. माझा हात बटणावर गेला. तो मी खाली घेतला.

“हार्टची झडप बदललेली आहे माझी,” मी म्हटलं. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मोठ्या अक्षरांत लिही. आणि प्रत्येकाला विचारत जा.”

सगळे बघायला लागले. कोपऱ्यात बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक बाई मशेरीने काळे झालेले दात पदराआड धरून बसली होती. तिने पदर थोडा खाली घेतला.

“बाय,” ती त्या मुलीला म्हणाली, “माजा पन लिव, हार्टचा.”

मी बाजूला सरकून तिला काउंटरपाशी जागा करून दिली.