कॅम नवा, मग टॅपेट जुने कसे?

“टॅपेट तर आरशावानी चमकून राह्यले. मंग बदलाचे कायले?” प्रकाश मला विचारत होता.

प्रकाश म्हणजे इंझोरीच्या शेवंताबाईंचा दीर. शेवंताबाई स्वतः ट्रॅक्टर चालवतात, मळणीयंत्र घेऊन गावोगाव जातात. तो ट्रॅक्टर मानोऱ्यात माझ्या गॅरेजमध्ये उघडा पडला होता. शेतात सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे कापलेल्या पिकाचे ढीग, लागलेल्या आणि आभाळ भरून येत होतं.

इंजिन काळा धूर सोडायचं, लोड घ्यायचं नाही. खोललं तर कॅमशाफ्टचा एक उंचवटा पार घासलेला. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की उंचवटा त्यावर टेकलेल्या टॅपेटला, म्हणजे लहानशा लोखंडी नळकांड्याला, वर ढकलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब सळईला ढकलतो आणि हवा-धुराचा व्हॉल्व उघडतो. प्रकाशनं अकोल्याहून नवा कॅम आणला होता. टॅपेट मात्र आणले नव्हते; मागवले तर ते उद्या सकाळीच येणार होते.

“जऊळक्याचा मिस्तरी आजच जोडून देतो म्हन्ते,” तो म्हणाला. “सलीमभाऊ, तुमीच उद्यावर ढकलून राह्यले.”

मी बाजूला उभ्या असलेल्या शेवंताबाईंना जवळ बोलावलं. एक टॅपेट डिझेलनं धुतला, त्याच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि दाराकडे केली. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला.

“ताई, पाहा. नव्या टॅपेटचं तोंड मधे जरासं फुगीर असते. म्हणून तो कॅमवर फिरत राह्यते, झीज सारखी होते. याच्यात तर खड्डा पडला. हा नवा कॅम खाऊन टाकीन. ऐन हंगामात पुन्हा इंजिन खोला लागीन.”

शेवंताबाईंनी पट्टी हातात घेतली आणि एकेक टॅपेट स्वतः तपासला.

“म्हंजे जात्याच्या वरच्या तळीले टाकी लावून खरबरीत केली, खालची तशीच गुळगुळीत.”

“तसंच.”

“मंग नवेच टाका. परकास, ज्याइले मळणीचा शब्द देल्ला त्याइले फोन कर. सुड्यावर ताडपत्री टाका म्हना, उद्या येतो.”

सकाळी एसटीनं पार्सल आलं. घासलेल्या लोखंडाचा चुरा ऑइल चेंबरमध्ये बसला होता, तो आधी साफ केला. कॅम आणि टॅपेटला चांगलं वंगण चोपडलं. साइड कव्हर काढून इंजिन हातानं फिरवलं. पुशरॉड वर-खाली होता होता स्वतःभोवतीही फिरत होते. म्हणजे टॅपेट फिरताहेत. माझा जीव भांड्यात पडला.

स्टार्ट केल्यावर काही वेळ रेस वाढवूनच ठेवली. नवा कॅम स्लोवर सोडला तर त्याला पुरेसं ऑइल पोचत नाही. धूर नाही, फटफट नाही. प्रकाशनं स्वतःच बोनेट लावलं.

संध्याकाळी मीच इंझोरीला गेलो. मळणीयंत्र धडधडत होतं, शेवटची सुडी संपत आली होती. शेवंताबाई सीटवरूनच ओरडल्या, “मिस्तरी, बाजूले व्हा, भुसा उडते!”

प्रकाश पोतं शिवता शिवता म्हणाला, “सलीमभाऊ, लोड कसा उचलून राह्यला पाहा!”

पाऊस आला तेव्हा सगळी पोती घरात पोचली होती.

घाई गिऱ्हाइकाला असते, इंजिनाला नसते. मिस्तरीनं इंजिनाचं ऐकावं. गिऱ्हाईक मागाहून खूश होतंच.